बुडालेल्या पुलावरून

महानंदाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी देवळात जाणं सोडलं. ती मात्र जात राहिली. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरून दर सोमवारी मी तिला स्कूटरवरून सिद्धेश्वराला न्यायचो, तिला आत सोडायचो आणि स्वतः बाहेर तळ्याच्या कठड्याशी उभा राहायचो. परत आल्यावर ती माझ्या कपाळाला विभूती लावायला हात उचलायची आणि मी मान मागं घ्यायचो. एकदा तिनं विचारलं, त्याच्यावर राग आहे का तुमचा? मी म्हणालो, राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. आपण फार हुशारीचं बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

मी मूळचा कुर्डुवाडीचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मोजून घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी लहानपणापासून अंगात भिनवलं. पुढं मी सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर झालो आणि सगळी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि पूल यांत गेली. त्यातही भीमा नदीशी माझा संबंध जास्त आला. ही नदी समजायला मला बरीच वर्षं लागली. ती सह्याद्रीतून येते, पण आमच्या भागात पोचते तोवर डोंगर कुठल्या कुठं मागं राहिलेला असतो. दोन्ही अंगांना काळी सपाट ज्वारीची रानं, झाड म्हणावं तर बाभळ. त्या रानातून ती मोठमोठी वळणं घेत संथ जाते. उन्हाळ्यात तिच्या वाळूत लोक कलिंगडं लावतात. आणि पावसाळ्यात इथं टिपूस नसताना, लांब घाटमाथ्यावर चार दिवसांपूर्वी पडलेला पाऊस घेऊन ती एकाएकी येऊन उभी राहते. इथली म्हातारी माणसं पुराच्या दिवसांत आभाळाकडं बघत नाहीत, पश्चिमेकडं बघतात.

नदी कुठं ओलांडायची ते माणूस ठरवत नाही, हे मला या नोकरीनं शिकवलं. कोसच्या कोस नुसता गाळ असतो, आणि मधेच एका ठिकाणी तळाचा खडक वर येतो, पात्र रुंद होतं, पाणी पसरून उथळ होतं. त्याला उतार म्हणतात. उतार असेल तिथं वाट येते, वाटेवर गाव वसतं आणि गावाच्या टोकाला घाट आणि महादेवाचं देऊळ होतं. बादशाही फौजांनी या नदीकाठी तळ दिले, धान्याच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे इथून गेले, वाळलेल्या भोपळ्यांच्या तराफ्यावर बसून नवऱ्या मुली सासरी गेल्या. आम्ही नकाशे आणि दुर्बिणी घेऊन पुलाची जागा शोधत फिरायचो आणि शेवटी अशाच एखाद्या उतारावर येऊन थांबायचो. घाटाचे दगड कितीतरी पिढ्यांच्या पायांनी मधोमध खोल झिजलेले असायचे. त्या खळग्यात माझा पाय पडला की मी तो लगेच उचलायचो नाही. त्याला भक्ती म्हणावं असं मात्र कधी मनात आलं नाही.

मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या उजव्या काठाला असंच एक गाव आहे. नोकरीच्या सुरुवातीला तिथल्या पुलाचं काम माझ्याकडं आलं. तेव्हा तिथं रामा नावाचा नावाडी होता. राहायचा पलीकडच्या काठावर, पण दोन्हीकडच्या गावांची ये-जा त्याच्या होडीतून व्हायची आणि सुगीला दोन्हीकडून त्याला ज्वारी मिळायची. त्याच्याच होडीत बसून मी महिनाभर नदीची खोली मोजली. तो बांबू पाण्यात सोडायचा, तळ लागला की सांगायचा, आणि मी वहीत लिहायचो. पूल झाला की आपली होडी बंद होणार हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं एकही माप चुकीचं सांगितलं नाही. खडक कुठं पक्का आहे आणि कुठं फसवा, हेही त्यानंच दाखवलं. त्या दिवसांत माझं जेवण गावातल्या एका लिंगायत शेतकऱ्याकडं असायचं. महानंदा त्यांची मुलगी. पूल पुरा झाला त्याच वर्षी आमचं लग्न झालं आणि वरात त्याच पुलावरून गेली. घाटाशी रामाची होडी उलटी करून ठेवलेली मला दिसली. मी दुसरीकडं बघितलं.

पूल ठेंगणा होता. मोठ्या पुरात पाण्याखाली जाईल आणि पूर ओसरल्यावर पुन्हा वर येईल, अशाच हिशेबानं आखलेला. पावसाळ्यात दोन-चार दिवस गावाची अडचण होईल, असं तेव्हाच्या अहवालात मीच लिहिलं होतं. त्या दोन-चार दिवसांत एखाद्या माणसाचं काय होऊ शकतं, हा विचार मी केला नव्हता.

भाद्रपद अर्धा होत आला होता. महानंदाच्या भावाच्या, अण्णांच्या, नातीचं बारसं होतं. महानंदाचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. शनिवारी गावी जायचं, रविवारी बारसं करायचं आणि सोमवारी परत, असा बेत ठरला. मी कुरकुर केली, पण दोन वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. बारसं छान झालं. पाळण्याची गाणी कानडीतही झाली आणि मराठीतही. सोमवारी सकाळी उठून घाटावर गेलो तर पूल नव्हता. ज्या जागी पूल होता तिथं तांबूस पाणी एका सपाटीत पुढं सरकत होतं. आवाजसुद्धा फार नव्हता. एक आख्खं बाभळीचं झाड, मुळांसकट, फांद्यांवर पाखरं बसलेलं, माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. मी उभ्या जन्मात नदी इतकी मोठी पाहिली नव्हती.

गावाच्या मागं ओढा आहे. भीमेचं पाणी फुगून त्या ओढ्यात उलटं चढलं आणि मंगळवेढ्याचा रस्ताही बंद झाला. गाव बेट झालं. मंगळवार गेला, डायलिसिस चुकलं. वीज गेलेली, मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पाणी घोटभरच द्या, फळं देऊ नका आणि जमेल तितक्या लवकर आणा. सरकारी बोटीसाठी फोन लावले. फोनवरचा माणूस बिचारा नीट बोलला. खालच्या गावांत माणसं छपरांवर बसलीत, बोटी तिकडं आहेत, संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. बुधवारी महानंदाचे पाय आणि चेहरा सुजला. गुरुवारी सकाळी तिला आडवंच होता येईना. झोपली की श्वास कोंडायचा, म्हणून ती उशांना टेकून बसून होती आणि प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते.

काठाला हवा बरी लागेल आणि बोट आलीच तर वेळ जाणार नाही, म्हणून आम्ही तिला बाजेवर बसवून देवळाच्या ओट्यावर आणलं. पलीकडच्या काठावर अण्णांच्या ओळखीचा एक जीपवाला सकाळपासून येऊन थांबला होता. त्याची गाडी दिसत होती, खेळण्यातल्या एवढी. गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबवरून न्यायची तयारी दाखवली. अण्णा नको म्हणाले. बसून राहायची ताकद जिच्यात नाही तिला ट्यूबवर कसं न्यायचं? पूर्वी गावात गुऱ्हाळं होती तेव्हा उसाचा रस आटवायच्या मोठाल्या लोखंडी काहिली, म्हणजे पसरट गोल कढया, असायच्या आणि पुरात त्यांतून माणसं ओलांडायची. ऊस कारखान्याला जायला लागला तशा त्या काहिली भंगारात गेल्या.

मी घाटाच्या पायरीशी एक काठी रोवली होती. तासातासाला जाऊन पाणी किती उतरलं ते बघत होतो. तासाला बोटभर. या वेगानं पूल वर यायला किती दिवस लागतील याचं गणित मनात सारखं चालू होतं. चौथ्यांदा उठलो तेव्हा महानंदानं माझा हात धरला. बोलायला तिला श्वास पुरत नव्हता.

"अहो, आता मोजू नका," ती म्हणाली. "बसा जवळ."

मी बसलो. देवळाच्या आत पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत होतं, बाहेर एवढी नदी चालली होती, आणि मला या दोन्हींतलं काही कळत नव्हतं. मी हात जोडले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मनात एवढंच आलं की मला यातलं काही येत नाही. चाळीस वर्षं शिकलेलं काही कामाचं नाही. कुणी असशील तर तूच बघ. यापेक्षा मोठी प्रार्थना मला सुचली नाही.

थोड्या वेळानं ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. वरच्या अंगानं, पाण्यावर एक काळा ठिपका तिरपा येत होता. जवळ आला तेव्हा दिसलं, ती काहील होती. तीत एक साठीच्या आसपासची बाई गुडघ्यावर बसून फळीनं पाणी मारत होती. लुगड्याचा काष्टा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. घाटाच्या खालच्या बाजूला तिनं काहील लावली, दोर दगडाला बांधला आणि सगळ्यांना विचारलं की एक शिंग मोडलेली म्हैस हिकडं वाहत आलेली कुणी पाहिली का. काल दुपारपासून ती तिची म्हैस शोधत होती. म्हैस कुणी पाहिली नव्हती. मग तिचं लक्ष बाजेवर गेलं.

"ह्यास्नी काय हुतंय?"

अण्णांनी सांगितलं. ती महानंदाजवळ आली, तिचे सुजलेले पाय बोटानं दाबून पाहिले, एकदा नदीकडं बघितलं.

"बसवा काहिलीत," ती म्हणाली. "दुपारच्याला वरनं धरनातनं आनखी पानी सोडनार हाईत म्हनं. आता जरा दम खाल्लाय तिनं. आता न्हाय तर मग जमायचं न्हाय."

तिघांपेक्षा जास्त माणसं काहिलीत मावत नव्हती. आम्ही तळाला गोधड्या घातल्या, महानंदाला बसवलं आणि तिच्या पाठीशी टेकण म्हणून मी बसलो. चार-पाच जणांनी दोर धरून काहील काठाकाठानं बरीच वर ओढत नेली, कारण सोडल्यावर नदी खाली ओढणार हे धरूनच निघावं लागतं. सोडायच्या आधी अण्णा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ही सोनाबाई, आपल्या रामा नावाड्याची लेक. मग काठ सुटला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. ज्या माणसाची होडी माझ्या पुलानं बंद पाडली, त्याच्या मुलीच्या हातात माझ्या बायकोचा जीव होता. मी कोण हे तिला माहीत असेल का, माहीत असलं तर काय, असे प्रश्न डोक्यात येत होते, आणि समोर सगळीकडं पाणीच पाणी होतं. काठावरून नदी मोठी दिसत होती. आत बसल्यावर तिचा आकारच कळेना. काहील गोल फिरायची, तसे दोन्ही काठ, देऊळ, जीप, आभाळ सगळं आमच्याभोवती फिरायचं. पाणी काहिलीच्या काठापासून बोटभरच खाली होतं. ते वाहत नव्हतं, आतून वर येत होतं, भल्या मोठ्या पाठीसारखं. एवढं वजन एवढ्या शांतपणे सरकताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी काहिलीचा काठ घट्ट आवळून धरला होता. एका बाजूनं काहील कलली आणि पाणी आत आलं.

"काठ सोडा, सायेब," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हात मांडीवर घ्या. तुमी धरलं की ती कलती."

"पडेन मी."

"न्हाय पडत. सोडा."

हात सुटता सुटेनात. मी एक एक बोट मोकळं केलं आणि हात महानंदाच्या हातांवर ठेवले. काहील सरळ झाली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की महानंदानं काही धरलेलंच नव्हतं. ती डोळे मिटून, मान मागं माझ्या खांद्यावर टाकून, जेवढा येईल तेवढा श्वास घेत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. सोनाबाई नदीशी भांडत नव्हती. नदी नेईल तसं जाऊ द्यायची, मधेच दोन-तीन हात फळी मारायची, पुन्हा थांबायची. ती कशाची वाट बघते ते मला कळत नव्हतं. तिला कळत होतं.

पलीकडचा काठ अजून लागला नव्हता तेव्हा काहिलीच्या बुडाला काहीतरी घासलं. खरखर आवाज झाला.

"पूल लागला," सोनाबाई म्हणाली आणि फळी माझ्याजवळ देऊन सरळ पाण्यात उतरली.

ती मांडीएवढ्या पाण्यात उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी भीमा चालली होती, काठ हाकेच्या अंतरावर होता, आणि ती बाई नदीच्या पाठीवर पावलं टाकत, खांद्यावर दोर घेऊन आम्हाला ओढत निघाली. तिच्या पायांखाली काय आहे ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्या टोकाला पूल चढा घेतला होता, त्यावर पाणी कमी असणार, हे सरळ होतं. त्या काँक्रीटवर मी दिवसदिवस उभं राहून पाणी मारून घेतलं होतं. कडेचे जे दगड ती पायानं चाचपत होती ते दगडही मीच मोजून बसवले होते. सगळं माहीत असून माझ्या अंगावर काटा आला. खाली रामानं दाखवलेला खडक, त्यावर माझा पूल, त्यावर रामाची लेक, आणि या सगळ्यावरून, सगळ्यांच्या आधीपासून वाहत आलेली ही नदी. मी रडत होतो हे मला महानंदाच्या केसांवर थेंब पडले तेव्हा कळलं.

जीपवाला आणि आणखी दोघं पाण्यात धावत आले. त्यांनी महानंदाला उचलून गाडीत बसवलं. मी मागं वळून सोनाबाईला काही म्हणणार तोवर तिनं काहील पाण्याबाहेर ओढायला सुरुवात केली होती. हातानंच तिनं जा म्हणून खूण केली. दुपारी बाराच्या सुमाराला महानंदा डायलिसिसच्या मशीनवर होती. चार वाजता तिनं उशी मागितली आणि आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, अजून काही तास गेले असते तर मी काही सांगू शकलो नसतो. त्या दिवशी दुपारी पाणी पुन्हा चढलं, असं अण्णांनी कळवलं. सरकारी बोट त्या गावाला दुसऱ्या दिवशी पोचली.

हे असं का झालं, ते मला माहीत नाही. म्हैस वाहून गेली नसती तर सोनाबाई त्या काठाला आली नसती, एवढं मला माहीत आहे. त्याच पुरात खालच्या गावांतली कितीतरी घरं पडली, कुणाचं बी-बियाणं भिजलं, कुणाच्या गोठ्यातली आख्खी दावण वाहून गेली. तीही माणसं देवाला हाक मारत असतील. माझ्या हाकेत त्यांच्यापेक्षा काही जास्त होतं असं मी म्हणणार नाही. ती धड हाकही नव्हती. म्हणून कृपा झाली असं लिहिताना हात अडखळतो. पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

थंडीत, ज्वारी हुरड्यात आली तेव्हा आम्ही दोघं सोनाबाईकडं गेलो. सोलापूरकडच्या काठावर पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. भिंतींवर पुराच्या चिखलाची रेघ अजून होती. काहील दारात उपडी घातली होती आणि तिच्यावर शेंगा वाळत होत्या. महानंदानं तिला लुगडं दिलं, तिनं ते डोळ्यांना लावून घेतलं. मी म्हैस सापडली का विचारलं. न्हाय घावली, ती म्हणाली. मग मी तिला मी कोण ते सांगायला लागलो. तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही.

"वळखलं की तवाच," ती म्हणाली. "तुमी वही घिऊन बसायचा आन मी होडीतलं पानी उपसायची."

तिनं मग सांगितलं की तिच्या बापानं मरेपर्यंत त्या पुलावर पाय ठेवला नाही. पलीकडं बाजाराला जायचं असलं तरी काहिलीतून जायचा. माणसं पुलावरून हसत बघायची. होडी कुजून गेली तेव्हा त्यानं ही काहील एका गुऱ्हाळातून आणली होती. सासरहून आल्यावर ती त्याच्याबरोबर जायची. त्यानं तिला नदी शिकवली, वर कुठून सोडायचं, कुठं थांबायचं, आणि बुडालेला पूल कुठं लागतो ते काहिलीतूनच बांबूनं कसं ओळखायचं तेही. तो गेल्यावर भंगारवाला दोनदा आला. तिनं काहील दिली नाही.

मी ऐकत होतो. एका माणसाचा राग इतकी वर्षं त्या काठावर जपून राहिला होता, आणि त्याच रागात बसून मी पलीकडं आलो होतो. मी म्हणालो, तुमच्या वडिलांचा मी अपराधी आहे. हे बोलायला मला पस्तीस वर्षं लागली होती.

सोनाबाईनं शेंगा गोळा करता करता माझ्याकडं पाहिलं.

"पूल झाला म्हनून माजी लेक शाळंला गेली. नर्स हाय ती आता," ती म्हणाली. "बाचा राग बाजवळ व्हता. त्यो गेला की. तुमी कशाला घिऊन फिरताय?"

तिनं आम्हाला जेवायला बसवलं. महानंदासाठी मिठाशिवायची भाजी वेगळी काढली, तिला कुणी न सांगता.

महानंदा बरी झालेली नाही. मंगळवार-शुक्रवार चालू आहे आणि पुढं काय ते कुणी सांगू शकत नाही. तिथं चार तास बाहेर बाकावर बसायचं असतं. पूर्वी मी त्या तासांत तिच्या तपासण्यांचे कागद पुन्हा पुन्हा वाचायचो आणि आकड्यांवरून वर्षं काढायचो. आता नुसता बसतो. कधी शेजारच्या पेशंटच्या माणसाशी बोलतो, कधी तेही नाही. जे माझ्या हातात नाही ते माझ्या हातात नाही, एवढं कबूल केल्यावर हातांना हलकं वाटतं. याला शरण जाणं म्हणत असतील तर मी गेलो आहे. उशिरा गेलो, आणि तेही माझ्या पुण्याईनं नाही.

सोनाबाईकडून निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अण्णांकडं जायला पूल ओलांडायचा होता. महानंदाला रिक्षात बसवून पुढं पाठवलं आणि मी चालत येतो म्हणालो. भीमा खाली निवळशंख वाहत होती, उताराचा खडक पाण्यातून दिसत होता, त्यावर बगळे उभे होते. पुलाच्या तोंडाशी आलो आणि पाय उचलेना. मी चपला काढून हातात घेतल्या आणि सगळा पूल अनवाणी चालत आलो. पलीकडं महानंदा रिक्षातून उतरून उभी होती. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं आणि माझ्या हातातल्या चपला स्वतःच्या हातात घेतल्या.